पहिला घाव लाडक्या जागी

गेला दीड महिना ऋजुताची झोप एका मोराने उडवली होती. मोर कागदावरचा, निळ्या-जांभळ्या खडूंनी काढलेला. काढणारी तिची मुलगी रेवा, वय वर्षं पाच, महिने चार. काढायला तिला अर्धा तास लागला आणि फाडायला अर्धं मिनिट. रडणं नाही, आदळआपट नाही. शांतपणे चार तुकडे केले आणि केराच्या डब्यात टाकले. मग दुसरा मोर काढला, तोही फाडला. शाळेच्या बाईंनी डायरीत लिहून पाठवलं, ‘घरी काही ताण आहे का?’ त्या दिवसापासून ऋजुता रात्र रात्र छताकडे बघत घरातला ताण शोधत होती आणि शोधता शोधता तो वाढवत होती. स्वतः एम.एस्सी. झालेली, पण मोराचे तुकडे चिकटपट्टीने जोडताना शेपूट डोक्याला लागली तरी तिला कळलं नव्हतं. जोडलेले मोर ती निळ्या फायलीत ठेवायची. मागे तारीख, रेवाचं वय आणि कंसात ‘फाडलेलं’. रेवाच्या पहिल्या रेघोटीपासूनचं सगळं त्या फायलीत होतं. मुलीच्या मनात कसला राग आहे, हे ऋजुताने शाळेच्या बाईंना विचारलं, नणंदेला विचारलं, फोनला तर किती वेळा विचारलं. रेवाला मात्र विचारलं नव्हतं. उत्तर आलं असतं तर, ही भीती.

आता ती सांगलीपासून दीड हजार किलोमीटरवर, वाळवंटातल्या रिसाणी नावाच्या तळ्याच्या काठी उभी होती. वैशाखात वाळवंट बघायची कल्पना तिच्या नवऱ्याची, निरंजनची. तो पहिल्याच दुपारी ऊन लागून आडवा झाला होता आणि कांदा फोडून हुंगत होता. म्हणून मायलेकी दोघीच निघाल्या होत्या.

तळं बघण्यासारखं होतं खरं. त्या मुलखातली बाकीची तळी होळी झाली की भेगाळतात. रिसाणीत मात्र अक्षय्य तृतीया उलटून गेली तरी मधोमध हिरवट पाणी होतं. तळं खोल, एकावर एक दोन पुरुष उभे राहतील एवढं. आणि काठ इतका उंच की खाली उतरलं की वीस-बावीस घरांचं गाव दिसेनासं व्हायचं. पण लोक यायचे ते तळ्यासाठी नाही, घरांसाठी. त्या गावातल्या बायका मातीच्या भिंतींवर मातीचीच उठावाची नक्षी काढतात, मध्ये आरशाचे तुकडे बसवतात. उंट, खेजडीची झाडं, डोक्यावर घागरी घेतलेल्या बायका. सकाळचं ऊन पडलं की आख्खी भिंत लुकलुकायला लागते.

ऋजुता गावात शिरली आणि जागच्या जागी थिजली. घराघरापुढे बायका हातात खुरपी घेऊन त्या भिंती खरवडत होत्या. गाणं नाही, हसणं नाही. कपाळाला आठ्या घालून, तोंडाने काहीतरी पुटपुटत. पायाशी मातीच्या खपल्यांचा ढीग आणि त्यात उंटांची तुटलेली मुंडकी.

पहिल्याच घराशी सत्तरीच्या हरखूदादी होत्या. गावातल्या सगळ्यात जुन्या कारागीर त्याच. त्यांच्या भिंतीवर एक मोर होता, पिसारा छपरापर्यंत गेलेला. त्यांनी खुरपं उचललं ते थेट मोराच्या डोळ्यावर. ऋजुता पुढे धावली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, “दादी, थांबा. हा तरी ठेवा.”

हरखूदादींनी मागे वळून बघितलं. त्या नजरेनेच ऋजुता दोन पावलं मागे सरली.

“तूही तसलीच,” दादी म्हणाल्या. “मागच्या साली एक साहेब आले होते. काच लावून देतो म्हणाले, वर पत्रा घालून देतो म्हणाले. भिंतीसाठी डोळ्यांत पाणी काढलं त्यांनी. तळ्याकडे एकदासुद्धा बघितलं नाही. फोटो काढायचा तर काढ, पोरी. मला थांबवू नकोस.”

आणि मग, रागातच, खुरपं न थांबवता, त्यांनी सांगायला सुरुवात केली. अर्धं हिंदीत, अर्धं त्यांच्या बोलीत. ऋजुताला जेवढं उमगलं ते असं.

सात पिढ्यांमागे या गावात झमकू नावाची एक बाई होती म्हणे. नवरा उंट घेऊन सहा-सहा महिने बाहेर. घरी ती आणि तिची तीन वर्षांची मुलगी पेमी. झमकूच्या हातात काय होतं देव जाणे. असं सांगतात की तिने भिंतीवर उंट काढला की दारचा खरा उंट त्याला हुंगायला यायचा. पण तेव्हा या कामाला कला बिला कुणी म्हणत नसे. दरसाल उन्हाळ्यात तळं आटलं की बायका तळाची चिकण माती खणून आणत, त्यात गाढवाची लीद कालवत, जुन्या भिंतीचे पापुद्रे काढून टाकत आणि पावसाआधी घर नव्याने लिंपत. नक्षी त्या लिंपणाच्या ओघातच व्हायची. जुनी खरवड डोक्यावरून नेऊन काठावर टाकायची, की झालं. तळं खणायला म्हणून कुणी कधी गेलंच नव्हतं. माती आणायला जात. खणणं आपोआप होई.

एका साली झमकूने जी भिंत केली तिला तोड नव्हती. तळं होतं त्या भिंतीत, तळ्यावर आलेल्या गावच्या सगळ्या बायका होत्या, एकूण एक ओळखू येईल अशी. आणि खाली कोपऱ्यात, ओल्या मातीत पेमीने मध्येच उमटवलेला हाताचा पंजा. झमकू ओरडली होती तेव्हा. मग पुसायला गेली, पण हात वळला नाही. पंज्याभोवती तिने आरशाचे सात तुकडे लावले.

गडावरचा ठाकूर त्या वाटेने चालला होता. भिंतीवरचं ऊन त्याच्या डोळ्यांवर आलं. तो उंटावरून उतरला आणि घटकाभर बघत राहिला. जाताना त्याने झमकूला चांदीचं कडं दिलं आणि हुकूम सोडला: ही भिंत कुणी मोडायची नाही. खपली काढायची नाही, हात लावायचा नाही. माझ्या मुलखाचं हे भूषण आहे.

झमकूला काय वाटलं असेल? जे कुणालाही वाटेल तेच. हरखूदादींनी इथे खुरप्याची मूठ भिंतीवर आपटली. “आमचीच बाई, पण सांगताना झाकायचं नाही. हुरळली ती. कडं घालून पाण्याला जायची, आणि हात असा धरायची की दिसावं.”

ऋजुताने नकळत फोन पर्समध्ये टाकला. रेवाचा पहिला मोर तिने अकरा जणांना पाठवला होता.

एकीची भिंत राहिली म्हटल्यावर दुसऱ्या कशाला मोडतील? झमकूच्या शेजारणीने म्हटलं, माझी काय वाईट आहे? तिसरी म्हणाली, मग माझीही राहू दे. बघता बघता गावातल्या सगळ्या भिंती राहिल्या. ठाकूर पाहुणे घेऊन येऊ लागला. बायका नवी ओढणी घेऊन भिंतीशेजारी उभ्या राहायला शिकल्या. पोरांना अंगणात खेळायची बंदी झाली, चेंडू लागेल म्हणून. पेमी भिंतीजवळ गेली की झमकू तिचा हात हिसडून मागे ओढायची. ज्या पंज्याचं कौतुक तो भिंतीवर, आणि जिचा पंजा तिच्या हातावर चापटी. आणि नवं? नवं कुणी काही केलंच नाही. केलं असतं तर कुठे केलं असतं? भिंती भरलेल्या होत्या.

तीन उन्हाळे असे गेले. तीन उन्हाळे तळात कुणी उतरलं नाही. वारा काही थांबत नाही या मुलखात. तो दरसाल आपल्या वाट्याची वाळू आणून टाकत होता. तळ भरत गेला, वीत वीत, कुणाच्या ध्यानात येणार नाही असा.

चौथ्या साली पाणी माघातच संपत आलं.

झमकू घागर घेऊन खाली उतरली तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. घागर आडवी करूनही भरेना. तेव्हा म्हणे तिने पायाखालची माती चाचपली, आणि तिला कळलं. कारागिरणीच्या हाताला कळलं ते. वर नुसती वाळू. चिकण माती हाताला लागेचना. तिने मुखियाला जाऊन सांगितलं, तळं खणलं पाहिजे. मुखिया म्हणाला, खणणं बायकांचं काम, तुम्ही खणता. बायका म्हणाल्या, खणून माती टाकायची कुठे? भिंतीला तर हात लावायचा नाही. आणि कामाशिवाय उगाच कोण खणेल? सगळ्यांचं म्हणणं बरोबर होतं. अशीच गावं मरतात, हरखूदादी म्हणाल्या, सगळ्यांचं म्हणणं बरोबर असतं.

चैत्रात जनावरं गेली. मग माणसं बारा कोसांवरून पाणी आणू लागली. वैशाखात पेमीला ताप चढला. जीभ सुकून लाकडासारखी झाली. तळाच्या एका खड्ड्यात तेवढं थोडं पाणी उरलं होतं, तर अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी गडावरून माणसं आली आणि त्यावर पहारा बसला. अक्षय्य तृतीयेला ठाकुराच्या मुलीचं लग्न होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी व्याही भिंत बघायला येणार होते. त्यांच्या घोड्यांना पाणी लागेल, वाटेवर शिंपायला लागेल, असा हुकूम. झमकू वाटी घेऊन गेली. पहारेकरी म्हणाला, “तुझ्याच भिंतीचा मान आहे बाई, तुला तर आनंद व्हायला पाहिजे.”

“वाटी,” हरखूदादी म्हणाल्या. “घागर नाही. वाटी घेऊन गेली होती ती.” आणि त्यांनी अख्खी मान खरवडून काढली मोराची.

ऋजुताने रेवाचा हात घट्ट धरला. रेवा म्हणाली, आई, दुखतंय. तिने सैल सोडला नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी व्याही आले. फेटे, घोडे, मोठा लवाजमा. शिंपलेल्या वाटेचा ओला वास गावभर. गावच्या बायका सुकलेल्या ओठांनी भिंतींशी उभ्या होत्या. ठाकूर पुढे झाला, हात पसरून व्याह्याला म्हणाला, बघा. आणि झमकू घरातून बाहेर आली. कडेवर पेमी, मान टाकलेली. दुसऱ्या हातात खुरपं.

सगळ्यांना वाटलं, ती कोपऱ्यापासून सुरू करेल. किंवा उंटापासून. ती गेली ती सरळ खाली, पंज्याकडे. पहिला घाव तिने तिथे घातला. आरशाचे सात तुकडे उडाले. ते शेवटी ठेवलं असतं तर हात थांबला असता, म्हणून पहिलं तेच.

ठाकूर ओरडला, हात तोडीन.

आजवर त्याला अदबीने ‘हुकूम’ अशी हाक मारणारी झमकू ‘तू’वर आली. “तोड,” ती म्हणाली. “आणि पुढच्या साली पाहुण्यांना काय दाखवशील, तुझं तोंड?”

व्याह्यांकडचा कुणीतरी हसला, असं सांगतात. ठाकूर हुकूम द्यायला वळला तोवर शेजारणीने आपलं खुरपं काढलं होतं. मग तिसरीने. मग गावात एकच आवाज राहिला, खर्र, खर्र, खर्र. बावीस घरच्या बायका, कुणी कुणाला बोलावलं नाही. त्या खरवडत होत्या आणि शिव्या घालत होत्या. ठाकुराला, पहारेकऱ्याला, मुखियाला, आणि तीन वर्षं ओढणी सावरत उभ्या राहिलेल्या स्वतःला. धूळ एवढी उडाली की घोडे बुजले. व्याही नाकाला फेटा लावून परत फिरले. त्यांच्यामागोमाग ठाकूरही गेला. नाक कापलं गेलेला माणूस मागे कशाला थांबेल? पहारा कधी उठला ते कुणी बघितलंसुद्धा नाही. झमकूने तिथलं पाणी ओंजळीने पेमीच्या तोंडात घातलं. तीन ओंजळी भरल्या, आणि खड्डा संपला.

आता घरं उघडी पडली होती. नुसत्या कच्च्या विटा. पावसाआधी लिंपलं नाही तर पहिल्याच सरीत घरं बसणार. म्हणजे माती हवी. म्हणजे तळात उतरायला हवं. आणि मग बायका तळात उतरल्या, त्याच रागात. आधी तीन वर्षांची वाळू उपसली. सहा दिवस. जुन्या भिंती डोक्यावरून वाहून काठावर टाकल्या, काठ वाढत गेला. सातव्या दिवशी झमकूच्या फावड्याला चिकण माती लागली. तिने आणखी खणलं. माती हाताला गार लागली. तिने मनगटातलं चांदीचं कडं काढलं, ठाकुराचं नाव घेऊन त्या खड्ड्यात फेकलं आणि तोंड भरून शिवी दिली. असं सांगतात की कडं पडलं तिथून पाणी झिरपायला लागलं. शिवीवर निघालेलं पाणी कडवट असेल म्हणून कुणी तोंडाला लावेना. तापाने थकलेली पेमी हातावर रांगत गेली आणि प्याली. गोड होतं.

“म्हणून ह्याचं नाव रिसाणी,” हरखूदादी म्हणाल्या. “रीस म्हणजे राग. देवाच्या कृपेची तळी पुष्कळ आहेत. हे बायकांच्या रागाचं तळं आहे.”

ऋजुताला मघापासून एकच गोष्ट टोचत होती. ती तिने शेवटी विचारली: मुलगी वाचली का? नक्की? ताप उतरला? की हे सांगण्यापुरतं?

हरखूदादींनी तिच्याकडे असं बघितलं की शाळेत पाचवीला प्रश्न विचारायला हात वर केल्याचा पश्चात्ताप तिला पुन्हा एकदा झाला.

“मी पेमीच्या वंशातली,” त्या म्हणाल्या. “ती मेली असती तर मी कुठली? तुझ्याशी काय खेजडीला लटकलेलं भूत बोलतंय?”

आजही रिसाणीच्या गावात अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या भिंती मोडतात. पहिला घाव प्रत्येकीने आपल्या सगळ्यात लाडक्या जागी घालायचा, हा नेम. हसत मोडायचं नाही. हसत मोडलं तर पाणी रुसतं म्हणतात. गडावर आज वटवाघळं राहतात, तरी शिव्या त्या ठाकुरालाच घालायच्या, आणि दरवर्षी एक तरी नवीन: तुझ्या पखालीला भोक पडो, तुझ्या दाढीत वाळू शिरो. मोडलेली माती काठावर, तळाची माती भिंतीवर. भिंत वर्षभराची, तळं सात पिढ्यांचं. दुष्काळात आसपासची गावं इथेच पाण्याला येतात. त्यांच्या भिंती मात्र पक्क्या आहेत, रंगवलेल्या.

सांगून झालं तसं हरखूदादींनी पदराने तोंड पुसलं. मोराचा पिसारा तेवढा उरला होता, खालच्या बाजूचा. त्यांनी खुरपं उलटं धरून रेवापुढे केलं.

“नको,” ऋजुता म्हणाली. “लागेल तिला.” मग तिला स्वतःचाच राग आला. खरा, दीड महिन्याचा. शाळेच्या बाईंचा राग, अकरा जणांच्या टाळ्यांचा राग, निळ्या फायलीचा, चिकटपट्टीचा. आणि पहिला मोर झाल्यावर आपणच म्हटलेल्या वाक्याचा: किती सुंदर! हा आपण जपून ठेवू हं. मोर झाला, आता दुसरं काहीतरी काढ. तिने तेव्हा ते किती प्रेमाने म्हटलं होतं!

तिने हात सोडला. रेवाने दोन्ही हातांनी खुरपं धरलं, जीभ बाहेर काढली आणि पिसाऱ्यावर ओढलं. एक पीस निघालं, मग दुसरं. चेहऱ्यावर राग नव्हता, एकाग्रता होती. फक्त नेम मोडायला नको म्हणून ती मध्येच आठवून आठी घालत होती.

ऋजुता मातीच्या ढिगात उकिडवी बसली. पाठ केलेली, समंजस आईची सगळी वाक्यं तिला आठवेनाशी झाली होती.

“रेवा, तू तुझे मोर का फाडतेस गं? तुला कुणाचा राग येतो का? माझा येतो का?”

शाळेच्या बाई बरोबर निघाल्या तरी चालेल, असं तिने मनाशी ठरवलं. ते तिला अजिबात चालणार नव्हतं.

रेवाने आणखी एक पीस खरवडलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि आईकडे न बघताच म्हणाली,

“तू ठेवून दिलास की तो झालेला असतो. मला अजून काढायचा होता.”